'वुल्फ मॅन': लांडगा कमी पडला की माणूस?

पुढे सगळी कथा शेवटासकट फोडली आहे. बघायचा असेल तर आधी बघून या, १०३ मिनिटांचाच मामला आहे.

ली व्हॅनेल या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा 'वुल्फ मॅन' १७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत लागला आणि सिनेमास्कोरच्या कार्डावर प्रेक्षकांनी त्याला 'सी मायनस' देऊन टाकला. गोष्ट थोडक्यात अशी: ब्लेक बायको-मुलीला घेऊन अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, बेपत्ता बापाच्या घराकडे निघतो, एक जनावर त्याला ओरखडतं आणि एका रात्रीत त्याचंच जनावर होत जातं. ही श्रेणी कशी वाचायची ते आधी बघू, कारण तिच्यावरून बरेच गैरसमज होतात. सिनेमास्कोरची माणसं सुरुवातीच्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेतात. पहिल्याच दिवशी पदरचे पैसे मोडून येणारा माणूस मुळातच त्या पिक्चरच्या बाजूचा असतो, त्यामुळे बेताच्या पिक्चरलाही 'बी'च्या आसपास काहीतरी मिळून जातं. भयपटांचं तसं नाही. २०१८ च्या 'हेरेडिटरी'ला 'डी प्लस' मिळाला होता आणि आज तोच पिक्चर लोक चांगल्या भयपटांच्या यादीत वर धरतात. तेव्हा भयपटाच्या कार्डावर दर्जा कमी आणि अपेक्षाभंग जास्त मोजला जातो, असं धरून चालावं. व्हॅनेलच्याच 'द इन्व्हिजिबल मॅन'ला २०२० मध्ये 'बी प्लस' होता. तो सुमारे ७० लाख डॉलरमध्ये बनला आणि जगभरात १४ कोटींच्या वर गेला. 'वुल्फ मॅन'ला अडीच कोटी लागले आणि तिकीटविक्री साडेतीन कोटींच्या आसपास थांबली. त्यातला जवळपास निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा, वर जाहिरातीचा खर्च. हा हिशेब करायला कॅलक्युलेटर लागत नाही.

लोक काय बघायला आले होते, हे कळायला त्यांच्या तक्रारी पुरेशा आहेत. सगळ्यात मोठा आवाज एकाच तक्रारीचा: हा लांडगा दिसतच नाही. लांब थोबाड नाही, टोकदार कान नाहीत, अंगभर केस नाहीत, चंद्राकडे बघून आरोळी नाही. केस विरळ, कातडी जखमेसारखी ओली, दात पुढे आलेले, एखाद्या विचित्र रोगाने खंगलेला माणूस वाटावा असा. ही कुरबुर तर पिक्चर लागायच्या आधीपासून होती. २०२४ च्या हॅलोविनच्या मोसमात हा पिक्चर काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या ऑरलँडोतल्या पार्कात एका कलाकाराला या पात्राच्या वेशात उभं केलं होतं. त्याचे फोटो फिरले आणि लोकांनी यथेच्छ टर उडवली. तो पार्कातला मुखवटा होता, पडद्यावरचा मेकअप निराळा. पण पहिला फोटो डोक्यात बसला की बसला.

दुसरी तक्रार पौर्णिमेची. यात ना चंद्राचं वेळापत्रक आहे ना लांडग्याला मारणारी चांदीची गोळी. एका रात्री ओरखडा लागतो आणि उजाडेपर्यंत माणूस संपतो, परत माणसात येणं नाही. 'मग हा वेअरवुल्फ, म्हणजे लांडगामाणूस, कसला?' असा सवाल. इथे थोडा इतिहास कामाला येतो. युनिव्हर्सलच्याच १९३५ च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन'मध्ये पौर्णिमा होती. पण लॉन चेनी ज्युनिअरचा १९४१ चा मूळ 'वुल्फ मॅन', ज्याच्या नावावर हा सगळा वारसा चालतो, त्यात पौर्णिमा दिसतच नाही. लेखक कर्ट सिओडमॅकने रचलेल्या त्या पिक्चरमधल्या प्रसिद्ध चार ओळींच्या कवितेत शरद ऋतूतला तेजस्वी चंद्र आहे, पूर्ण चंद्र नाही. १९४३ च्या दुसऱ्या भागात ती ओळ बदलली, चंद्र पूर्ण झाला आणि तिथून पुढे पौर्णिमेशिवाय लांडगामाणूस चालेनासा झाला. म्हणजे परंपरा मोडली म्हणून जे चिडले, त्यांची परंपरा दुसऱ्या भागापासूनची आहे. आणखी एक गंमत: १९४१ च्या पिक्चरमध्ये माणसाचा लांडगा होताना आपल्याला दिसतात ती फक्त पावलं. चेहऱ्याचं रूपांतर दिसतं ते मरताना, तेही उलट दिशेने.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला पौर्णिमेचा नियम पाठ आहे तो बहुधा महेश भट्टच्या १९९२ च्या 'जुनून'मुळे. तिथे राहुल रॉयचा पौर्णिमेला वाघ होतो. लांडग्याच्या जागी वाघ आणणं हा शहाणपणाचा निर्णय होता, कारण भीतीची मक्तेदारी आपल्याकडे वाघाकडेच आहे. दख्खनच्या माळावरचा लांडगा धनगराच्या मेंढरांवर डोळा ठेवून असतो खरा, पण तो सडपातळ, बुजरा प्राणी. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतही धडा खोटेपणाचा आहे, लांडग्याचा नाही.

ओरेगनमध्ये तर याहून मजेशीर प्रकार आहे. पिक्चर सुरू होतो १९९५ मध्ये, ओरेगनच्या डोंगराळ जंगलात (चित्रीकरण न्यूझीलंडचं). पण १९९५ मध्ये ओरेगनात लांडगे नव्हतेच. सरकारी इनामं लावून १९४० च्या दशकात ते संपवले होते. नेमक्या १९९५ मध्ये कॅनडातून पकडलेले लांडगे शेजारच्या आयडाहोत आणि यलोस्टोनमध्ये सोडले गेले, आणि तिथून चालत पहिली मादी ओरेगनात पोचली ती १९९९ मध्ये. त्यामुळे पिक्चरमध्ये कुणीही 'लांडगा चावला असेल' असं म्हणत नाही, 'डोंगरातला ताप' म्हणतात, हे तिथल्या भूगोलाला धरूनच आहे. लेखकांनी, म्हणजे व्हॅनेल आणि कॉर्बेट टक या जोडीने, ते ठरवून केलं की आपोआप जमलं, काहीही असो, जमलं आहे.

आता मुख्य तक्रारीकडे. चेहरा असा का ठेवला हे समजायला प्रोस्थेटिक मेकअप, म्हणजे चेहऱ्यावर खोटी कातडी चिकटवून केलेला, बनतो कसा ते माहीत हवं. या पिक्चरचं मेकअप डिझाइन आर्येन टाउटेनचं आहे आणि बहुतेक काम प्रत्यक्ष चेहऱ्यावर चढवलेलं आहे, संगणकातलं नाही. या धंद्यातली सर्वसाधारण पद्धत अशी. नटाच्या डोक्याचा साचा घेतात. पूर्वी अल्जिनेटने घ्यायचे, दातांचे डॉक्टर मापाला वापरतात तेच. पाणी कोमट असेल तर ते भराभर घट्ट होतं, थंड असेल तर सावकाश. त्यावर प्लॅस्टरच्या पट्ट्या. हल्ली त्वचेला चालणारं सिलिकॉन किंवा सरळ थ्रीडी स्कॅन. या साच्यातून नटाचं डोकं ओतून काढलं की त्यावर तेलातल्या मातीने नवा चेहरा घडवतात, मग त्याचे तुकडे पाडतात: कपाळ, नाक आणि वरचा ओठ, दोन गाल, हनुवटी, मान. प्रत्येकाचा वेगळा साचा, आणि त्यात सिलिकॉन.

इथे नवखे हमखास आपटतात. प्लॅटिनम जातीच्या सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं. मातीत गंधक असेल किंवा कामगाराने हातात रबरी लॅटेक्सचे मोजे घातले असतील, तर जिथे जिथे स्पर्श झाला तिथे सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट चिखल राहतो आणि अख्खा तुकडा फेकावा लागतो. म्हणून माती बिनगंधकाची आणि मोजे नायट्राइलचे. मग मऊपणा. सिलिकॉनचे ए आणि बी हे दोन भाग समान घेतात आणि वर डेडनर नावाचं द्रव्य घालतात. ते जितकं जास्त तितकं कातडं खऱ्या मांसासारखं लिबलिबीत. अति झालं की तेल सुटायला लागतं आणि कडा चिकटत नाहीत. कडा हा तर या कामाचा जीवच. सिगारेटच्या कागदाहून पातळ हवी, नटाच्या खऱ्या कातडीत ती द्रावकाने विरघळवून टाकतात. काढताना हीच कडा फाटते, त्यामुळे तुकडा एकदाच वापरता येतो. चित्रीकरणाचे वीस दिवस मेकअप लागणार असेल तर वीस संच ओतून, केस टोचून तयार हवेत. एकेक केस सुईने टोचायचा. कपाळावर घाम आला की आतून पाण्याचा फुगा धरतो. ओठांचे कोपरे दर तासाला सुटतात, कारण नट बोलतो, खातो, जांभई देतो.

हे सगळं सांगायचं कारण थोबाड. लांडग्याचं लांब थोबाड माणसाच्या चेहऱ्यावर बसवलं की नटाचे खरे ओठ आत कुठेतरी राहतात. सिलिकॉनची जाडी वाढत गेली की आतले स्नायू कितीही हलले तरी वरचं कातडं ढिम्म. मग थोबाड हलवायला आत तारा किंवा छोट्या मोटारी लागतात, म्हणजे अभिनय नटाचा राहत नाही, बाहेर रिमोट धरून बसलेल्या माणसाचा होतो. जुन्या मंडळींनी यावर आपापली तोड काढली. १९८१ च्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये रिक बेकरने भगभगीत उजेडात रूपांतर दाखवलं, त्याच कामासाठी त्याला मेकअपचं पहिलं नियमित ऑस्कर मिळालं. पण शेवटचा चार पायांचा लांडगा माणसाच्या चेहऱ्याचा अजिबात नाही, ती वेगळी बाहुली आहे. कातडीतून केस उगवतानाचा शॉट तर उलटा घेतलेला आहे: केस आत ओढायचे आणि फिल्म उलटी फिरवायची. २००२ च्या 'डॉग सोल्जर्स'मध्ये उंच, सडसडीत अंगाचे, खऱ्या लांडग्याच्या डोक्याचे वेअरवुल्फ आहेत आणि चाहते अजून त्यांची आठवण काढतात. पण त्यांना चेहऱ्याचा अभिनय करायचाच नव्हता. दाराच्या फटीतून, धुरातून, क्षणभर दिसायचं होतं.

'वुल्फ मॅन'मध्ये याच्या नेमकं उलट काम आहे. ब्लेक (क्रिस्टोफर अ‍ॅबट) बोलायची शक्ती गमावतो, पण बायकोला आणि मुलीला ओळखतो. पुढचा तासभर कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर आहे. त्याला अजून कळतंय की नाही, हा एकच प्रश्न पिक्चर पुन्हा पुन्हा विचारतो. तिथे थोबाड बसवलं असतं तर प्रश्नच संपला असता. १९३५ च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन'मध्ये नायक हेन्री हलचा मेकअप हलका होता, आणि त्या कथेतही शेवटी बायको त्याला लांडग्याच्या रूपात ओळखते. ओळख पटणं कथेत गरजेचं असेल तर चेहरा शिल्लक ठेवावाच लागतो. त्यामुळे 'लांडगा दिसत नाही' या तक्रारीवर माझं उत्तर: निर्णय बरोबर आहे, फक्त तो विकला चुकीचा. नाव, पोस्टर, युनिव्हर्सलचा शिक्का, सगळं लांडग्याचं वचन देतं आणि आत मिळतो रोगी. दुकानाच्या पाटीवर मिसळ लिहून आत पेज वाढायची, तर पेज कितीही चांगली असो.

पण खरा दोष चेहऱ्यात नाहीच. तो आहे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, आणि प्रेक्षकांच्या तक्रारींत तो 'कुणाशी नातंच जुळलं नाही' अशा मोघम शब्दांत येतो.

बघा, एखाद्याचा चेहरा हळूहळू हरवतोय याचं दुःख व्हायला आधी तो चेहरा आपल्या ओळखीचा व्हायला हवा. इथे सॅन फ्रान्सिस्कोत ब्लेक, शार्लट (जुलिया गार्नर) आणि लहानगी जिंजर (मटिल्डा फर्थ) यांना मोजके प्रसंग मिळतात. ब्लेक काम नसलेला लेखक, शार्लट कामात बुडालेली पत्रकार. रस्त्यात तो मुलीवर ओरडतो, लगेच माफी मागतो. घरी नवरा-बायकोची फोनवरून खटकाखटकी. मग कागद येतात की बेपत्ता बापाला आता मृत ठरवलंय, घर आवरायला या. आणि निघाले ओरेगनला. लग्न मोडकळीला आलंय हे आपण संवादातून ऐकतो, बघत मात्र नाही. मुलीचं बरं आहे, कारण बाप-लेकीचा 'माझ्या मनात काय आहे ओळख' हा खेळ आहे आणि तो शेवटी परत येतो तेव्हा घशात अडकतो. शार्लटला तसं काहीच दिलेलं नाही. नवऱ्याचं काय होतंय हे बघताना तिचा चेहरा घाबरलेला असतो, पण ती काय गमावतेय ते आपल्याला ठाऊक नाही, तर आपणही नुसतेच घाबरायचे.

१९८६ च्या 'द फ्लाय'शी सगळे तुलना करतात आणि ती अटळ आहे: तिथेही माणूस नखं, दात, कान गमावत जातो आणि प्रेयसी बघत राहते. पण तिथे ऱ्हास काही आठवडे चालतो. ती जाते, परत येते, दर वेळी तो आणखी उतरलेला असतो. दोन भेटींमधल्या काळात आपण कल्पनेने भर घालतो. 'वुल्फ मॅन'ने सगळं एका रात्रीत कोंबलं. एका घरात, एका रात्रीत घडवण्याचे फायदे आहेत, खर्च कमी, दम कोंडतो. पण आजारपणाचं रूपक मात्र अडतं. घरात दीर्घ आजार काढलेल्या माणसाला विचारा, त्यातला सगळ्यात वाईट भाग असतो वाट बघणं. इथे वाट बघायला वेळच नाही. संध्याकाळी ओरखडा, मध्यरात्री मुका, पहाटे खलास.

दुसरा कथेतला दोष म्हणजे बाप. घराबाहेर फिरणारं जनावर म्हणजे ब्लेकचा बाप ग्रेडी, हे उघड होतं तेव्हा पिक्चर आपल्याकडून धक्क्याची अपेक्षा करतो. बहुतेकांनी ते अर्ध्या तासात ओळखलेलं असतं. का, तर पात्रांची टंचाई. सुरुवातीची दहा मिनिटं बापाला दिली, तो बेपत्ता, प्रेत मिळालं नाही, आणि नंतर जंगलात एकच प्राणी. वहीत दोन अधिक दोन मांडून ठेवलेत. त्याच्या अंगावरच्या टॅटूवरून ब्लेक ओळखतो तेव्हा आपण 'हं, पुढे' म्हणतो. हेच गुपित प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलं असतं आणि ब्लेकपासून लपवलं असतं, तर मुलगा बापाशी झुंजताना दर फटक्याला जीव वर-खाली झाला असता. धक्का एकदाच बसतो, ताण मात्र लांबवता येतो. शिवाय बापाच्या धाकाचा वारसा, मुलाला जपता जपता आपणच त्याला जखमा करतो, हा मुद्दा पात्रं तोंडाने बोलून दाखवतात. एकदा पुरे होतं.

इतकं बोलून झाल्यावर जे जमलंय त्याची पावती द्यायला हवी, कारण जमलंय ते भन्नाट जमलंय आणि रागावलेल्या प्रेक्षकांनीही त्याची दखल घेतली आहे.

ब्लेक आजारी होऊन बसलाय, शार्लट समोर बसून त्याच्याशी बोलतेय. खोली अंधारी, आवाज नेहमीचा. कॅमेरा न तुटता सावकाश तिच्या बाजूकडून त्याच्या बाजूला सरकतो. सरकता सरकता खोलीचा रंग बदलतो, अंधार उजळत जातो, चेहऱ्यांना थंड चमक येते, आणि तिच्या तोंडून निघणारे शब्द शब्द राहत नाहीत. ओठ हलतायत, सूर आहे, अर्थ नाही. कॅमेरा परत तिच्याकडे वळतो: पुन्हा अंधार, पुन्हा भाषा, आणि समोर नुसता बघत बसलेला नवरा. कट न घेतल्यामुळे दोन्ही जगं एकाच खोलीत आहेत हे पटतं. कट घेतला असता तर 'हा त्याचा दृष्टिकोन' अशी पाटी लागली असती. एरवी असले शॉट करताना दिवे आणि कॅमेऱ्याची चाल यांचा मेळ सेकंदावर बसवावा लागतो. दिवे लवकर उजळले तर प्रेक्षकाला दिवा चढताना दिसतो, उशिरा उजळले तर ती चूक वाटते. छायाचित्रणकार स्टीफन डुशियो आणि व्हॅनेल यांनी 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये रिकाम्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळवून भीती निर्माण केली होती. इथे तीच चाल नवऱ्याकडे वळते.

आणि तो कोळी. रूपांतर नुकतंच सुरू झालंय. ब्लेकला कुठूनतरी जड पावलांचा धप् धप् आवाज येतो. प्रेक्षकाला वाटतं, जनावर घरात शिरलं. तो आवाजाचा माग काढत जातो आणि भिंतीवर निघतो एक साधा कोळी. त्याची पावलं वाजतायत. एका साउंड इफेक्टमध्ये श्रवणशक्ती कुठवर गेली ते कळलं, हसू आलं, आणि हसू ओसरायच्या आत अंगावर काटा. संवाद शून्य. साऱ्या पिक्चरभर लेखन याच दर्जाचं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. त्याच पंगतीत तो स्वतःच्या हाताच्या जखमेला चाटता चाटता दात लावतो तो प्रसंग, आणि काचघराच्या प्लॅस्टिकच्या छपरावर मायलेकी पसरलेल्या, खाली जनावर, मध्ये एक पातळ पापुद्रा. छप्पर किती वजन पेलेल हे आपल्याला दिसतंय, सांगायला कुणी लागत नाही.

आता राहिली अंधाराची तक्रार. 'काही दिसलंच नाही' असं म्हणणारे दोन जातीचे आहेत. थिएटरात बघितलेल्यांची तक्रार बऱ्याचदा प्रोजेक्टरवर जाते. साध्या टूडी खेळाला पडद्याचा उजेड ४८ निट (उजेड मोजायचं एकक) असावा असा दंडक आहे, पण दिवा जुना झाला की तो खाली येतो आणि दिवा बदलायची घाई कुणालाच नसते. लग्नाचा पिक्चर असेल तर फरक कळत नाही. इथे नव्वद टक्के पिक्चर रात्रीचा. घरी बघितलेल्यांची मात्र अडचण बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते, आणि ती पाच मिनिटांत सुटते.

इको मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा कमी-जास्त करणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. अंधारे प्रसंग आले की हे पडदा आणखी मंद करतात. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' सोडून 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' निवडा. व्हिव्हिडमध्ये काळ्यातले बारकावे गिळले जातात आणि मेकअपची ओली चमक प्लॅस्टिकसारखी दिसते. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद, नाहीतर जनावर झेप घेताना मालिकेतला नट उडी मारतोय असं वाटतं. सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एचडीएमआयने जोडला असेल तर दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'फुल' अशी काळ्या-पांढऱ्याची एकच रेंज हवी. एक इकडे, एक तिकडे झालं की अंधार सरसकट डांबर होतो किंवा धुरकट राखाडी. हे सगळं करूनही आकाशात आणि धुक्यात पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर तो स्ट्रीमिंगचा दोष. ४के स्ट्रीमला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट मिळतात, डिस्कवर त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज. काटकसर पहिल्यांदा अंधारातच होते. नेट दुबळं असेल तर रात्री अकराला बघण्याऐवजी डाउनलोड करून बघा. आणि खोलीतले दिवे घालवा, विशेषतः तुमच्या पाठीमागची ट्यूबलाइट, तिचं प्रतिबिंब बरोबर ब्लेकच्या तोंडावर पडतं.

आवाजाचंही बघा. टीव्हीचा 'नाइट मोड' मोठे आवाज दाबतो, बारीक उचलतो. एरवी सोसायटीत उपयोगी. या पिक्चरमध्ये तो सगळी गंमत घालवतो, कारण कोळ्याची पावलं आणि शार्लटची कुजबुज एकाच पातळीवर येऊन बसतात. साउंडबार नसेल तर हेडफोन लावा, तेही बंद कपाचे. ते नसतील तर आवाज वाढवा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून 'वर काय आपटताय हो' म्हणाल्या तर सांगा, कोळी चालतोय.